पहिला बोर्डगेम छापतेय: भरतीसाठी फासे ठेवू का?

चिखलपाट (ऐरोली)
नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. दोन वर्षं ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांवर, म्हणजे फ्लेमिंगोंवर, एक बोर्डगेम करतेय. नाव ‘चिखलपाट’. प्रत्येकाचा एक थवा. ओहोटीला चिखल उघडा पडला की थवा उतरवून शेवाळाच्या टिकल्या गोळा करायच्या आणि पाणी चढायच्या आत पाणथळीवर परत न्यायचा. नाही जमलं तर निम्म्या टिकल्या गेल्या. दोन फाशांची बेरीज ९ किंवा जास्त पडली की भरती.

घरी आणि स्टाफरूममध्ये वीसेक डाव झाले, सगळ्यांना आवडला. मागच्या रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसात कॉलेजच्या चार अनोळखी मुलांना नुसता डबा आणि नियमपत्रिका दिली. ४५ मिनिटांचा डाव १ तास ४० मिनिटं चालला. ‘थवा उठवणे’ आणि ‘थवा हलवणे’ यांतला फरक त्यांनी तीनदा पान उलटून शोधला. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. त्यातच सलग नऊ फेकी भरती आलीच नाही. जी मुलगी थवा दर वेळी वेळेत परत आणत होती, ती शेवटची आली. टिकल्या डब्यात भरताना म्हणाली, “मग जपून खेळायचं कशाला?” ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

छपाईवाल्याने १०० डबे केले तर नगाला ६४० रुपये, ५०० केले तर ३१० सांगितलेत. नोव्हेंबरात पक्षी यायला लागतात, तोवर डबा हातात हवा. ५०० छापू का? आणि भरतीचं काय करू?

सोंगटी (नौपाडा)
५०० अजिबात नको. नगाला स्वस्त वाटतं, पण एकदम १,५५,००० रुपये अडकतात. १०० ला ६४,००० लागतील आणि चुका सुधारायला वाव राहील.

स्टाफरूमचे वीस डाव मोजू नका. तुम्ही शेजारी बसलात की तुम्हीच नियमपत्रिका होता. रविवारचा डाव हाच पहिला खरा. असे आणखी निदान तीन करा, दर वेळी नवी माणसं घेऊन. पान कुठे उलटलं, फोन कधी हातात घेतला, एवढंच टिपा.

फाशांचं गणित सांगतो. ३६ जोड्यांपैकी १० मध्ये बेरीज ९ किंवा वर जाते. सलग सहा फेकी कोरड्या जाण्याची शक्यता साधारण १४ टक्के. म्हणजे त्या मुलीसारखं कुणाचं तरी होतच राहणार.

दिवाळेकर
ताई, भरती नशिबावर नसते. आमचे वडील होडी काढण्याआधी तिथीची पाऊणपट करायचे. चतुर्थीचे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. रोज साधारण पाऊण तास पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान.

उधाणाला ओहोटी दूरवर जाते, चिखल जास्त उघडतो, पण पाणी परत येतं तेही तितक्याच जोराने. भांगाला चिखल कमी, धोकाही कमी. फासे काढा, पटावर तिथीची पट्टी घ्या. कधी काय होणार ते सगळ्यांना दिसेल, हाव किती धरायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

घणसोलीचा दुकानदार
विक्रीबद्दल बोलतो. डब्यावर ‘शैक्षणिक’ लिहू नका. आईबाप उचलतात, मुलं परत ठेवतात. मोठा गुलाबी पक्षी हवा. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात बोटीतून पक्षी बघायला येणारी माणसं हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक. परवानगी काढा, नमुना मांडा, आगाऊ नोंदणी घ्या. नोंदणी किती होते ते बघून छापा.

चिखलपाट (ऐरोली)
दिवाळेकर, तुमचं वाचून रात्री दोनपर्यंत पुठ्ठा कापत बसले. भूगोल शिकवणारीला हे सुचू नये याचं वाईट वाटलं. पंधरा घरांची तिथीची पट्टी केली. ‘उठवणे’ काढून ‘उडवणे’ केलं. काल त्याच मुलीला बोलावलं, बाकी तिघं नवीन होती. ५८ मिनिटं लागली. अष्टमीला सगळ्यांनी जपून खाल्लं, पौर्णिमेला तिघं लांब गेली आणि दोघं बुडाली. ती दुसरी आली, आणि लगेच अजून एक डाव मागितला.

१०० च छापते, तेही नोंदणी बघून. एक अडचण उरली: दोघांच्या डावात दोघंही उधाणापर्यंत नुसते थांबून राहतात. भांगाच्या दिवसांत थवा बाहेर काढावासा वाटेल असं काय ठेवू?