'बंडखोरी', 'जातीय दंगल' आणि इराक

प्रश्न: 2003 च्या अमेरिकी स्वारीनंतरच्या इराकवरचा मजकूर मराठीत आणतोय. 'इन्सर्जन्सी'ला बंडखोरी आणि शिया-सुन्नी हिंसेला जातीय दंगल म्हटलं तर चालेल का?

उत्तर: 'जातीय' नको. हा एकाच धर्माच्या दोन पंथांमधला संघर्ष, म्हणून 'पंथीय' लिहा. आणि 'दंगल' तर मुळीच नको. दंगल भडकते, संचारबंदी लागते, चार दिवसांत शमते. 22 फेब्रुवारी 2006 ला समारातल्या अल-अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट स्फोटात कोसळला. दहावे आणि अकरावे इमाम तिथे दफन आहेत, त्यामुळे शियांच्या काळजालाच हात घातला गेला. पुढे महिनोन्‌महिने बगदादमध्ये नाक्यांवर गाड्या अडवून ओळखपत्रं तपासली जात. नाव उमर, म्हणजे सुन्नी. तेवढ्यावरून जीव जायचा. लोक खोट्या नावाचं दुसरं ओळखपत्र खिशात ठेवू लागले. याला मी 'पंथीय हत्यासत्र' म्हणेन.

अरबीत यासाठी 'ताइफिया' शब्द आहे. त्यातला 'ताइफा' म्हणजे गट, जमात. आपला 'तायफा' तोच!

'बंडखोरी' जास्त अवघड. बंड म्हटलं की समोरची सत्ता रीतसर, हे आपण न बोलता मान्य करतो. 1857 ला 'शिपायांचं बंड' म्हणायला आपला विरोध असतो तो यासाठीच. मे 2003 च्या ठराव 1483 मध्ये खुद्द सुरक्षा परिषदेने अमेरिका-ब्रिटनला ताबा घेणाऱ्या सत्ता म्हटलंय. लढणारे स्वतः 'मुकावमा' म्हणत. 'कायम' आणि 'मुक्काम' ज्या धातूपासून आले त्याच धातूचा हा शब्द, अर्थ उभं ठाकणं. परक्या फौजेवरच्या हल्ल्यांना 'सशस्त्र प्रतिकार' लिहावं. बाजारात, नमाजाला जमलेल्यांत बॉम्ब फोडणाऱ्या अल-कायदाशी जोडलेल्या झरकावीच्या टोळीला मात्र हा शब्द देऊ नका. तो दहशतवाद.

प्रश्न: पण 28 जून 2004 ला सत्ता इराकी सरकारकडे गेली ना?

उत्तर: हो, म्हणून त्यानंतर सरकारी पोलिसांवर, सैनिकांवर हल्ला करणाऱ्यांना 'बंडखोर' म्हणता येईल. अमेरिकी फौज डिसेंबर 2011 पर्यंत होतीच. तेव्हा अख्ख्या मजकुराला एकच शब्द लावू नका. प्रत्येक वाक्यात कोण कुणावर चालून गेलं ते पाहा. आणि 2003-04 साठी 'अमेरिकाव्याप्त इराक' बिनदिक्कत वापरा, 'पाकव्याप्त' आपल्या कानांना सवयीचं आहे.