मदत हवी आहे : व्हेल शार्कबद्दल मुलांशी बोलणारं कोणी आहे का?

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या एका गावात शिक्षक आहे. 30 ऑगस्टच्या व्हेल शार्क दिनासाठी पोरांनी मैदानावर फक्कीनं 12 मीटरचा मासा आखला. शेपटी पार हापशीपर्यंत गेली! पाठीवरचे ठिपके प्रत्येक माशाचे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, हे सांगितल्यावर प्रत्येकानं आपापल्या मनाचे ठिपके काढले.

एवढं मोठं धूड, पण खातं पाण्यातले बारीक जीव, ते गाळून. 1995 साली तैवानजवळ सापडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे 300 पिल्लं होती. इथवर मी सांगू शकलो.

मग गुजरातचं सांगितलं. तिथं पूर्वी याची शिकार व्हायची. 2001 मध्ये कायद्यानं संरक्षण मिळालं. आता जाळ्यात अडकला की कोळी स्वतःचं जाळं कापून त्याला सोडतात. वर्गात निम्मी पोरं ढिवरांची. सहावीतला एक लगेच म्हणाला, "सर, जाळं कापलं त नवीन कोन देते?" भरपाई मिळते म्हटलं, पण त्याचं समाधान झालं नाही. घरी बाप रात्र-रात्र जाळं सांधताना त्यानं पाहिलाय.

कोकणात किंवा गुजरातेत कोणी स्वतः असं जाळं कापलंय का? भरपाई किती दिवसांनी हाती येते? अर्धा तास व्हिडिओ कॉलवर पोरांशी बोलाल का? आणि तुमच्याकडं या माशाला काय म्हणतात, तेही सांगा. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा जमेल.