ड्यूक-कॅरोलायना : सामन्याच्या आधीचे दिवस (तुमचे अनुभव लिहा)

निळावंती

शनिवारी ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, आमच्याकडच्या दोन विद्यापीठांचा बास्केटबॉल सामना. केरीत आमच्या गल्लीतली अर्धी घरं ड्यूकची गडद निळी, अर्धी कॅरोलायनाची फिकट निळी झालीत. काल भाच्याचा फोन आला, यंदाच चॅपल हिलला, म्हणजे कॅरोलायनात, एमेसला आलाय. "मावशी, लॉटरीत तिकीट लागलं! लॅबमध्ये कोणाला कळू देऊ नकोस." मी कशाला त्याच्या लॅबमध्ये फोन करतेय! पण त्याचा तो दबका आवाज ऐकला आणि माझं ड्यूकचं कँपआऊट आठवलं.

पदवीची पोरं जानेवारीपासून कॅमेरूनबाहेर (ड्यूकचं बास्केटबॉल स्टेडियम) तंबू ठोकून राहतात ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. आम्हा एमेस-पीएचडीवाल्यांचा छळ वेगळा, तो सप्टेंबरातच उरकतात. एका वीकेंडला पार्किंग लॉटमध्ये मुक्काम, साधारण ३६ तास. मध्येच केव्हाही भोंगा होणार. रात्रीचे तीन असोत की पहाटेचे पाच, धावत जाऊन हजेरी लावायची. हजेऱ्या चुकल्या की नाव बाद. एवढं करून मिळतं काय, तर सोडतीत चिठ्ठी. सीझनची तिकिटं नशिबात असली तर.

आम्ही यू-हॉलचा ट्रक भाड्याने घेतला होता. मागे गाद्या आणि कोपऱ्यात कुकर. शेजारच्या एमबीएवाल्यांकडे जनरेटर होता, त्यांनी वीज दिली, आम्ही खिचडी दिली. दुसऱ्या दिवशी तेच वाडगा घेऊन दारात.

सामना मला धड आठवतही नाही. आधीचं सगळं आठवतं. म्हणून हा धागा. कोणी किती टाकले ते यूट्यूबवर आहे, इथे आधीचं लिहा.

खडीसाखर

पहिली! मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण खिचडीबद्दल अजून लिही. लोणचं होतं का?

टाचणी

निळावंती, तू ड्यूकची?? इतकी वर्षं तुझ्या घरी गुळपोळ्या खाल्ल्या, आधी सांगायचंस ना.

मी चॅपल हिल. ८ फेब्रुवारी २०१२, बुधवार. माझा एक कोर्स ड्यूकला होता. दोन्ही कॅम्पसमध्ये रॉबर्टसनची बस धावते, हायवे १५-५०१ ने दहाएक मैल. सकाळी फिकट निळा टीशर्ट घालून चढलो तर ड्रायव्हरकाकांनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, जॅकेटची चेन लाव रे बाबा. डरहॅममध्ये, ड्यूकच्या गावात, उतरल्यावर कळलं का ते. वर्गात सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू मी घर बघायला आलेला चोर. प्रोफेसरने हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबून नुसता सुस्कारा सोडला.

आता तुझा नियम मोडतो. रात्री आमच्या डीन डोम स्टेडियममध्ये जेमतेम दोन मिनिटं उरलेली, आम्ही १० ने पुढे. आणि ड्यूकच्या ऑस्टिन रिव्हर्सने शेवटच्या क्षणी तीनचा टाकला. ८५-८४. एकवीस हजार माणसं आणि चिडीचूप. दुसऱ्या दिवशी परत तीच बस, तोच वर्ग. हे लिहिल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येत नाही, क्षमस्व.

निळावंती

@टाचणी, २०१२ ची आठवण काढलीस, यंदा तुला दोन गुळपोळ्या जास्त.

@खडीसाखर, लिंबाचं होतं. बरणी एमबीएवाल्यांनी संपवली.

लांडगा_आला

तुम्हा दोघांच्या भांडणात आम्हाला कोणी मोजतच नाही. डरहॅम, चॅपल हिल, रॅले या त्रिकोणाला तीन कोन असतात म्हणे. आम्ही रॅले, एनसी स्टेट. आपल्याकडून एमेसला येणाऱ्यांची भरती बघाल तर बरीचशी आमच्याच गोटात, हेही जाता जाता.

मार्च २०२४. सीझनच्या शेवटी इतके हरत होतो की एसीसीच्या (आपल्या तिघांच्या लीगच्या) स्पर्धेचं वेळापत्रकसुद्धा मी उघडलं नव्हतं. दहावं मानांकन. मंगळवार ते शनिवार पाच दिवसांत पाच सामने जिंकायचे तेव्हा कप. गुरुवारी ड्यूकला हरवलं, शुक्रवारी व्हर्जिनियाला, शनिवारी कॅरोलायनाला, ८४-७६. १९८७ नंतर पहिल्यांदा. कॅम्पसवरचा बेलटॉवर आमच्या रंगात, लाल केला होता तो बघायला बायको नवव्या महिन्यात गाडीत बसून आली.

मुलगी झाली. आणि बाराव्या दिवसाचा मुहूर्त कुठला निघाला? ३१ मार्च, रविवार, ईस्टर. संध्याकाळी पाचला डॅलसमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत परत ड्यूक, जिंकलो तर फायनल फोर, शेवटच्या चार संघांत! सासूबाई म्हणाल्या बारसं पुढे ढकलायचं नाही. बरोबरच आहे. तर एका खोलीत पाळणा, दुसऱ्या खोलीत टीव्ही, आवाज बंद. बायका पाळणा म्हणतायत, पुरुष दाराच्या चौकटीत, एक कान इकडे एक डोळा तिकडे. आत्याने कानात कुर्रर्र केलं आणि त्याच क्षणी आमच्या बर्न्सने बास्केट टाकली. दुसऱ्या खोलीतून जो ओरडा झाला! बाळ दचकून रडायला लागलं, आत्याला वाटलं नाव फारच आवडलं सगळ्यांना.

बर्न्सचे २९, आम्ही ७६, ड्यूक ६४.

खडीसाखर

=)) =)) आत्या!! नाव काय ठेवलं ते तरी सांगा.

टाचणी

बर्न्साबाई.

मक्याचं_शेत

@लांडगा_आला, त्यापुढचा शनिवार सोयीस्करपणे गाळलात. ६ एप्रिल. फायनल फोरमध्ये आमचं पर्ड्यू ६३, तुम्ही ५०. आमच्या झॅक एडीला विसरलात की काय, सात फूट चार इंच, लपवता येत नाही.

धाग्याच्या विषयाला धरून: आमच्याकडे इंडियाना युनिव्हर्सिटी आली की हीच गत. वेस्ट लफायेतच्या थंडीत मॅकी स्टेडियमच्या बाहेर रांग. हातमोज्यातून मोबाईल चालत नाही, हातमोजा काढला तर बोटं चालत नाहीत. आमच्या बिल्डिंगमधले एक अमेरिकन आजोबा दर वर्षी सामन्याच्या आधी बॉब नाइटच्या खुर्चीची गोष्ट सांगायचे. २३ फेब्रुवारी १९८५, ब्लूमिंग्टन, पंचांवर चिडून इंडियानाच्या कोचने खुर्ची उचलून सरळ कोर्टवर भिरकावली. पर्ड्यूचा खेळाडू फ्री थ्रोला उभा होता. आजोबा ते करूनही दाखवायचे. उशी वापरायचे.

लांडगा_आला

नियम असा आहे की बारशाच्या धाग्यावर दुखवट्याचं बोलू नये.

शेजारीण_केरी

कोणाला काही वाटू नये म्हणून इथेच विचारते. शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे, पाच ते आठ. रथसप्तमीच्या आत उरकायचं, हाच एक शनिवार रिकामा मिळाला. आता कळतंय रिकामा का होता. नवरा म्हणतो टीव्ही वरच्या बोनस रूममध्ये नेतो, पुरुषमंडळी वर, तुम्ही खाली. पण बायकाच म्हणतायत आम्हालाही वर जायचंय. मग मी हळदीकुंकू कोणाला लावू?

खडीसाखर

वर जाऊन लाव. टाइमआऊटमध्ये. (टाइमआऊट म्हणतात ना?)

जुना_कोर्ट

नमस्कार. वय ७४, नागपूर. शिवाजीनगरच्या कोर्टवर खेळलो आहे, मातीच्या मैदानांवरही भरपूर. त्यामुळे दोन शब्द लिहायचा हक्क आहे असं समजतो.

मुलगा डरहॅमला असतो. २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे होतो. ५ मार्चला ड्यूकचे कोच के म्हणजे शेशेफ्स्की साहेबांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, समोर कॅरोलायना. घरात दुसरा विषय नाही. सौ.ला मी आठवडाभर नियम शिकवले. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. तीस सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. समोरच्यांचे सात फाऊल झाले की वन-अँड-वन, म्हणजे पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा, आणि दहापासून दोन्ही. सौ. म्हणाली, एवढं तर आमच्या भिशीतही नाही.

आदल्या संध्याकाळी मुलगा तंबू दाखवायला घेऊन गेला. कडाक्याची थंडी. जानेवारीपासून ही पोरं पाळीपाळीने तिथे राहून राहिली. एका तंबूत बारा जण आणि रात्री किती जणांनी असलंच पाहिजे याचेही नियम. सर्वांत आधी येणाऱ्यांना संघाच्या इतिहासाची परीक्षा द्यावी लागते असं मुलगा म्हणाला. एक मुलगी डोक्याला बॅटरी बांधून ऑरगॅनिक केमिस्ट्री करून राहिली होती. सौ.ने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. पोरीने विचारलं यात शेंगदाणे आहेत का, ॲलर्जी आहे. चिवड्यात शेंगदाणे नाहीत तर काय असतं? डबा शेजारच्या तंबूत गेला.

दुसऱ्या दिवशी ९४-८१ असे हरले. बेचाळीस सीझन काढले त्या माणसाने, मैदानाला नाव त्याचं, जुने खेळाडू ओळीने येऊन बसलेले, आणि निरोपाला हे. माइक हातात घेऊन त्यांनी जमलेल्यांची माफी मागितली ते मला आवडलं. पुढच्याच महिन्यात न्यू ऑर्लीन्सला पुन्हा हेच दोघे समोरासमोर, ८१-७७, कॅरोलायनाच. तोवर आम्ही नागपूरला परत आलो होतो, पहाटे बघितला.

टाचणी

काका दंडवत. त्या न्यू ऑर्लीन्सच्या रात्री मी चॅपल हिलच्या फ्रँकलिन स्ट्रीटवर होतो, पण ते नंतरचं, इथे आधीचं लिहायचंय म्हणून गप्प बसतो. (शेकोटीवरून उडी मारली.) (बस, संपलं.)

पर्वतीकर

मी कधी अमेरिकेला गेलेलो नाही, मुलीमुळे बघायला लागलो. कॅमेरूनमधली पोरं पाहुण्यांवर ओरडतात त्याचं कौतुक सगळे करतात, पण पुरुषोत्तमला भरत नाट्यमध्ये पडदा वर जायच्या आधी "अरे आव्वाज कुणाचा" ऐकलेल्याला ते घरचंच वाटतं. फरक इतकाच की तिथे नाटक सुरू झालं की पोरं गप्प बसायची.

सामना संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे इथे रविवारी पहाटे पाच. गजर लावतो. हिचं म्हणणं, फिरायला जायला कधी पाचला उठला नाहीत.

फुकटचा_सल्ला

कोणीच सामन्याबद्दल बोलत नाहीये म्हणून मीच.

क्रमवारी बघून पैज लावू नका. मार्च २०२२ मध्ये ड्यूक चौथ्या क्रमांकावर आणि कॅरोलायना पहिल्या पंचविसातही नव्हती. काय झालं ते काकांनी वर लिहिलंय. बघायचं ते वेगळं. पहिल्या हाफमध्ये कुठल्या उंच गड्याला दोन फाऊल लागतात आणि कोच त्याला बसवतो का. रिंगवरून उडालेला आपलाच चेंडू परत कोण पकडतं. आणि पाहुण्यांचा पोरगा रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला उभा राहिला की हात थरथरतो का. कॅमेरून १९४० चं, जेमतेम ९३१४ माणसांचं, पोरं कोर्टला चिकटून उभी. त्याच्या मानेपाशी बोटं हलवत असतात. डीन डोम दुपटीहून मोठा पण पुढच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवणारे लोक. फ्लोरिडा स्टेटचा सॅम कॅसेल त्यांना वाइन-चीजवाले म्हणून गेला, ते अजून चिकटलंय.

अंदाज: कॅरोलायना, चार गुणांनी. कारण विचारू नका, पोटातून येतं.

निळावंती

पोटाचं बघून घ्या मग.

अर्धी_बाही

माझ्या रूममेटच्या आईने मिरजेहून स्वेटर विणून पाठवला होता, मुलगा कॅरोलायनात शिकतो म्हणून खास निळा. गडद निळा. पक्का ड्यूकचा. सामन्याच्या आठवड्यात थंडी पडली आणि त्याच्याकडे दुसरं जाड काही नव्हतं. आईने इतक्या दिवसांनी विणलेला, टाकवेना. बिचारा आतून स्वेटर, वरून फिकट निळा टीशर्ट असा हिंडायचा. फुगलेल्या पुरीसारखा दिसायचा. आजही व्हिडिओ कॉलवर आईसमोर तोच घालतो.

वाटसरू

सामना म्हटला की मला ७ मार्च २०२०. आठ जण एका सोफ्यावर, दोन खाली. सगळ्यांचं मे मध्ये ग्रॅज्युएशन, आधीचा आठवडाभर भांडणं की समोसे कोण आणणार. ड्यूक जिंकलं. पुढच्या गुरुवारी मार्चमधली सगळी स्पर्धाच रद्द झाली आणि मग सगळंच बंद. दोघं मिळेल त्या विमानाने परत गेले, एकाची नोकरीची ऑफर गेली. ती मंडळी एका खोलीत परत कधी आलीच नाहीत. ग्रुप आहे, त्यावर फक्त वाढदिवस.

खडीसाखर

@वाटसरू, :( ग्रुपवर आज समोश्याचा फोटो टाक. बघ तरी.

जुना_कोर्ट

वाटसरू, नागपूरला आलात तर या घरी. चिवडा शेंगदाण्यासकट.

वाटसरू

टाकला. तिघं टाइप करतायत.

चपलाचोर

२०१९, ड्यूकच्या झायन विल्यमसनच्या बुटाचा सामना. माझ्या लॅबमेटकडे कँपआऊटचं तिकीट होतं, बाहेर भाव हजारो डॉलर. आठवडाभर त्याच्या घरून फोन, विक आणि इकडे ये. वडिलांनी हिशोब करून दिला होता. नाही विकलं. पहिल्याच मिनिटात बूट फाटला, झायन गुडघा धरून आत गेला, ड्यूक हरलं. घरी त्याने एवढंच सांगितलं की ओबामा आले होते. वडील खूश.

शेजारीण_केरी

माझा प्रश्न तसाच राहिला.

निळावंती

अगं, हळदीकुंकू चार ते साडेसहा कर. चारला ऊन असतं, फोटो छान येतात. वाण काय देणारेस?

शेजारीण_केरी

स्टीलचे डबे. निळे झाकण वाले मिळाले चॅटम स्क्वेअरमध्ये. कुठला निळा ते विचारू नका, दोन्ही मिक्स घेतलेत.

लांडगा_आला

लाल नव्हते?

शेजारीण_केरी

तुमच्या बायकोला लाल देते. येताना फोल्डिंगच्या चार खुर्च्या आणा, आणि बाळाचं दुपटं, मागच्या वेळचं आमच्याकडेच राहिलंय ते परत घेऊन जा. मटार उसळ कोणी करणार आहे का? मी वड्यांचं साबुदाणा भिजवलाय पण उसळीला हात रिकामा नाही.

टाचणी

मी करतो. तिखट चालेल ना?