शब्दचर्चा: देवाला 'काहून' विचारायचं की 'कायले'?

मोहननगरकर
आमच्या मंडळीत यंदा शुभ शुक्रवारी येशूचे क्रुसावरचे सात उद्गार आपल्या नागपुरी बोलीत वाचायचं ठरलंय. चौथा माझ्या वाट्याला आला. मत्तय 27:46, 'एली, एली, लमा सबख्थनी'. पवित्र शास्त्रात त्याचं मराठी 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं आहे. 'त्याग' बोलीत चालायचा नाही, ते नंतर बघू. मी अडलोय 'का'पाशी. घरी विचारलं तर आई म्हणते 'काहून', मावशी म्हणते 'कायले'. या दोहोंत अर्थाचा फरक आहे, की नुसती सवय? आणि चांगला देव असताना माणसाच्या वाट्याला एवढं दुःख कसं येतं, हे विचारताना आपण यातलं नेमकं काय विचारतो?

रामटेककर
फरक आहे न भाऊ. 'काहून रडून राहिला?' म्हंजे काय झालं ते सांग. 'कायले रडतं?' म्हंजे रडून काय भेटनार हाय? पह्यलीत चौकशी हाय. दुसरीत एक तं समजावनी असते, नाही तं खडसावनी. आन् 'कायले आला बे?' याले तं उत्तरच नसते, गुपचाप वापस जावं लागते. वर्ध्याकडं 'काहाले' म्हंतात, अर्थ तोच.

बर्डीवाला
ओढूनताणून फरक काढताय. आमच्याकडे 'कायले उशीर केला' आणि 'काहून उशीर केला' दोन्ही चालतं, आणि दोन्हीला उत्तर एकच: व्हरायटी चौकात जाम होता.

जुनी_वही
बर्डीवाले, बोलताना सरमिसळ होतेच, पण दोन्ही शब्द टिकून आहेत ते उगाच नाही. 'कायले' म्हणजे 'काय' अधिक 'ले'. 'मले', 'तुले', 'घराले' यातला हाच 'ले', प्रमाण मराठीतला 'ला'. म्हणजे 'कशाला'. आता गंमत बघा. येशूच्या अरामीत आणि हिब्रूतही असलेल्या 'लमा'ची घडण हुबेहूब अशीच आहे: 'ल' म्हणजे 'ला, साठी' आणि 'मा' म्हणजे 'काय'. प्रत्यय आपल्याकडे मागून लागतो, तिकडे पुढून, एवढाच फरक. ग्रीक शुभवर्तमानांत या ओळीचा अर्थ दिलाय, तिथेही मार्कने 15:34 मध्ये 'कशासाठी' अशाच अर्थाचे दोन शब्द वापरलेत. तेव्हा मोहननगरकर, तुमची मावशी बरोबर.

हिब्रूत 'का'साठी दुसराही शब्द आहे, 'मद्दूआ'. जळतं झुडूप भस्म का होत नाही ते बघू या, असं मोशे निर्गम 3:3 मध्ये म्हणतो, तिथे 'मद्दूआ' येतो. ते कुतूहल आहे, माहिती हवी आहे. हा आपला 'काहून'. स्तोत्र 22च्या पहिल्याच प्रश्नात मात्र 'लमा' आहे आणि येशू तेच म्हणतो. त्याला माहिती नको होती.

बर्डीवाला
मग बायबलातल्या ईयोबाचं काय, सगळं गमावलेल्या त्या भल्या माणसाचं? तिसऱ्या अध्यायात 11व्या ओवीत 'लमा' आणि लगेच 12व्या ओवीत 'मद्दूआ'. मी जन्मतःच का मेलो नाही, मला मांडीवर का घेतलं. एकाच दमात दोन्ही. तिथं कुठं राहिला तुमचा फरक?

जुनी_वही
ही ओवी तुमच्या बाजूची, मान्य. दुःखातला माणूस हाताला येईल तो शब्द फेकतो. पण पुढे 20व्या ओवीत, कष्टी माणसाला उजेड दाखवतोच कशाला असं विचारताना, तो पुन्हा 'लमा'वरच येतो.

रात्रपाळी
इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. वॉर्डात उभं आयुष्य गेलंय माझं. 'काहून' डॉक्टरांना विचारतात. सिस्टर, काहून झालं असं, काल तर बोलत होता. त्याला उत्तर असतं आणि ते द्यावं लागतं: गाठ फुटली, रक्त चढवायला उशीर झाला. 'कायले' छताकडे बघून विचारतात. घोटाळा होतो तो भेटायला आलेल्यांमुळे. 'कायले' ऐकलं की त्यांना वाटतं आपल्यालाच विचारलं. मग सुरू: देवाचा काहीतरी हेतू असेल, चांगल्या माणसांना देव लवकर बोलावतो, तुमची परीक्षा पाहतोय. एका बाईला मी बघितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. आणि समोर एक गृहस्थ तिला रोमकरांस 8:28 समजावून सांगत होते. सगळं मिळून कल्याणकारक होतं म्हणे. ओवी खोटी नाही, पण ती वेळ तिची नव्हती.

उगाच_विचारतो
या सगळ्या प्रकाराला 'थिओडिसी' म्हणतात ना? त्याला चांगला मराठी शब्द आहे का?

जुनी_वही
जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने 1710 साली ग्रीकमधून जुळवलेला शब्द आहे, 'देव' अधिक 'न्याय'. जग असं असताना देव न्यायी आहे हे सिद्ध करणं. 1755च्या 1 नोव्हेंबरला लिस्बनचा भूकंप झाला, तो नेमका सर्व संतांचा दिवस. लोक उपासनेला चर्चमध्ये जमले होते आणि चर्चेस त्यांच्यावर कोसळली. त्यानंतर युरोपात या सिद्धतेवर कडाडून टीका झाली. मराठीत 'ईश्वरसमर्थन' म्हणता येईल.

रामटेककर
इतका जड कायले? 'देवाची वकिली' म्हना न. हायकोर्टाच्या गावचे आपन.

मोहननगरकर
रामटेककर, हा शब्द मी घेतला. ईयोबाचे मित्र तेच करतात. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि देवाची वकिली सुरू झाली. तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना जवळपास याच शब्दांत झापतो. आणि शेवटी 42:7 मध्ये ज्याची वकिली केली तोच अशील म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत.

उगाच_विचारतो
पण वकिली तितकी वाईट नसावी. देवाने दुःख 'केलं' आणि देवाने ते 'होऊ दिलं', यात फरक आहेच की. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने हेच मांडलं: वाईट घडावं अशी देवाची इच्छा नसते, पण ते घडू देणं ही त्याची इच्छा असते. माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर त्याच्या चुकाही होऊ द्याव्या लागतात. आपलं '-ऊ देणे' यासाठी अगदी तयार रूप आहे.

रात्रपाळी
खून, मारामारी, दारू पिऊन गाडी चालवणं, इथपर्यंत ते चालेल. दोन वर्षांच्या पोराला रक्ताचा कर्करोग होतो, त्यात कोणाचं स्वातंत्र्य? आणि '-ऊ देणे' इतकं साधंही नाही हो. 'त्याला बोलू दिलं' यात मोकळीक आहे, 'दूध उतू जाऊ दिलं' यात हलगर्जीपणा, 'जाऊ दे' यात हार. देवाच्या बाबतीत यातलं कोणतं घ्यायचं?

जुनी_वही
ताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मुक्त इच्छेचा मुद्दा माणसाच्या दुष्टपणाला पुरतो, रोगाला आणि पुराला पुरत नाही. तिथे ख्रिस्ती परंपरेत दुसरी उत्तरं आहेत: सृष्टीच अजून कण्हते आहे (रोमकरांस 8:22), किंवा सोसण्यातून माणूस घडतो. दुसरं उत्तर स्वतःच्या दुःखाबद्दल माणूस बोलू शकतो, दुसऱ्याच्या बोलू नये.

आणखी एक. ईयोबात '-ऊ देणे' अगदी उघड घडतं. पहिल्याच अध्यायात देव सैतानाला मुभा देतो. वाचणाऱ्याला ते ठाऊक, ईयोबाला पुस्तक संपेपर्यंत कोणी सांगत नाही. तो म्हणतो, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. 'नेऊ दिले' म्हणत नाही. तो ते थेट देवाच्याच पदरात टाकतो.

बर्डीवाला
आता मलाही रस यायला लागला. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून बोरीला परतत होते. पावसानं नाला फुगला होता, त्यात बुडाले. शेहेचाळिशीही पूर्ण नव्हती. गोंडांची गाणी, शब्द जमवत होते, ते काम अर्धंच राहिलं. पुढे इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनी त्यांची टिपणं 1866 साली छापली. इथं 'काहून'चं उत्तर पूर्ण आहे: पाऊस, पूर, अंधार. काहीच बाकी राहत नाही. तरी 'कायले' तसाच उभा. म्हणजे फरक आहे म्हणायचा.

उगाच_विचारतो
मग योहान 9? जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो 'काहून' झाला. येशू म्हणतो कोणाचंच नाही, देवाची कार्ये याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून. हे 'कायले'चं उत्तर नाही का? आणि असेल तर भयानक आहे. चमत्कार दाखवायला माणूस एवढी वर्षं आंधळा ठेवला?

जुनी_वही
त्या उत्तरात मूळ ग्रीकमध्ये 'हा असा जन्मास आला' हे शब्द नाहीत. वाक्य पुरं करायला भाषांतरकार ते भरतात. जुन्या हस्तलिखितांत विरामचिन्हंही जवळजवळ नसत. म्हणून काही अभ्यासक पूर्णविराम आधी देतात: 'याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले नाही.' मग नवं वाक्य: 'पण देवाची कार्ये याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून ज्याने मला पाठवले त्याची कामे आपण केली पाहिजेत.' सगळ्यांना हे वाचन मान्य नाही, पण मला पटतं. कारण पुढच्याच क्षणी येशू थुंकीने चिखल करतो आणि त्याच्या डोळ्यांना लावतो. 'म्हणून' जन्माला चिकटत नाही, कामाला चिकटतो. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, त्यांच्याबद्दलही येशूने कारण दिलं नाही. ते जास्त पापी होते का, एवढ्यालाच 'नाही' म्हटलं.

मोहननगरकर
'कायले' नक्की. आता क्रियापद. 'त्याग केला' नको. 'सोडलं' की 'टाकलं'?

रात्रपाळी
वॉर्डात 'देवानं टाकलं' ऐकते मी. नवऱ्यानं टाकलेली म्हणतात तसं. 'सोडलं' त्यापुढे मऊ वाटतं.

जुनी_वही
मऊ आहे, पण माझं मत 'सोडलं'ला. 'सबख्थनी'चा अरामी धातू सोडणे, होऊ देणे आणि क्षमा करणे, असा तिन्ही अर्थांनी चालतो. सिरियाक, म्हणजे अरामीच्याच एका रूपातल्या, मत्तयात 'बालकांना माझ्याकडे येऊ द्या' इथेही तोच धातू, आणि प्रभूच्या प्रार्थनेतल्या क्षमेलाही तोच. आपल्या शास्त्रातही 'ऋणे आम्हांस सोड' असंच आहे ना? सिरियाक लूकात पहिला उद्गार, 'हे बापा, यांना क्षमा कर', तिथेही हाच. ज्यांनी खिळे ठोकले त्यांना 'सोड', आणि चौथ्यात 'मला कशाला सोडलंस'. 'टाकलं' घेतलंत तर हा धागा तुटतो.

रामटेककर
मंग असं वाचा: 'माह्या देवा, माह्या देवा, मले कायले सोडलं तू?'

रात्रपाळी
'तू' शेवटी आला ते बरं केलं. मला अजून 'टाकलं'च हवं होतं, पण वाचा.

मोहननगरकर
हेच वाचतो. पहिला उद्गार आमच्या एका काकांकडे आहे, त्यांनी 'क्षमा कर' लिहून ठेवलंय. त्यांना 'सोडून दे यायले' करा म्हणून उद्या सांगून बघतो. ऐकतील असं वाटत नाही.