मदत हवी आहे: फुप्फुसातून न थांबणारी हवेची गळती आणि श्वासनलिकेत बसवायचे व्हॉल्व्ह

नमस्कार. माझ्या मामांच्या उपचारांबाबत लवकरच निर्णय घ्यायचा आहे. त्याआधी छातीरोगाच्या विभागात काम करणाऱ्यांचे, किंवा घरात असा रुग्ण सांभाळलेल्यांचे म्हणणे कळले तर मोठी मदत होईल. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बाजूला ठेवण्याचा हेतू नाही. त्यांना नेमके काय विचारावे, एवढेच समजून घ्यायचे आहे.

मामा सत्तरीच्या जवळ आले आहेत. तरुणपणी झालेला क्षय औषधांनी बरा झाला, परंतु पुढे बिडीमुळे एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या झिजून सैल होण्याचा आजार) जडला. अलीकडे एका रात्री अचानक छातीत दुखून त्यांना दम लागला आणि एक्स-रेमध्ये उजव्या बाजूचा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसातून गळलेली हवा छातीत साठून फुप्फुस दबणे) आढळला. मिरजेच्या एका रुग्णालयात लगेच छातीत नळी घातली. फुप्फुस बरेचसे फुलले, पण पंधरवडा उलटून गेला तरी नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीतले, गळणाऱ्या हवेचे बुडबुडे थांबलेले नाहीत. पूर्वी ते सतत येत, आता श्वास सोडताना आणि खोकताना येतात. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात (भागात) मोठे बुला, म्हणजे हवेने भरलेले पातळ फुगे, दिसतात. मामांचेच रक्त शिरेतून काढून नळीवाटे फुप्फुसावरणात सोडण्याचा उपायही करून झाला. त्याने गळती मंदावली आणि पुन्हा पूर्ववत झाली. बुला काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा अधिक पक्का उपाय असल्याचे शल्यचिकित्सक सांगतात, मात्र मामांची श्वसनक्षमता पाहता पूर्ण भूल देण्यास ते तयार नाहीत. म्हणून पुण्याला नेऊन व्हॉल्व्ह बसवावेत, असे छातीरोगतज्ज्ञांनी सुचवले आहे.

माझ्या वाचनानुसार हा व्हॉल्व्ह (एकतर्फी झडप) फुप्फुसाला पडलेले भोक बुजवत नाही. गळणाऱ्या भागाकडे जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फांदीत तो बसतो, श्वास घेताना हवा आत जाऊ देत नाही, सोडताना मात्र आतली हवा आणि कफ बाहेर येऊ देतो. भोकातून वाहणारी हवा कमी झाली की कडा जवळ येऊन जखम आपोआप भरते. २००९ मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात आलेल्या ४० रुग्णांच्या अहवालात १९ जणांची गळती पूर्ण थांबली आणि १८ जणांची कमी झाली, हे आकडे आशादायक वाटतात. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि काही रुग्णांची गळती तशीही थांबली असती, ही शंका मनातून जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये यातल्या एका व्हॉल्व्हला दिलेली मर्यादित परवानगीही फुप्फुसाचा भाग कापल्यानंतरच्या गळतीपुरती होती. मामांवर तर कोणतीच शस्त्रक्रिया झालेली नाही.

आणखी एका गोष्टीने घरात गोंधळ उडाला आहे. याच प्रकारचे व्हॉल्व्ह एम्फिसीमासाठीही बसवतात आणि त्यातल्या एका मोठ्या चाचणीत सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांना न्यूमोथोरॅक्स झाला, हे मामेभावाने वाचले. ज्या दुखण्यावर उपचार करायचा, तेच दुखणे उपचारातून उद्भवत असेल तर तो का करावा, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

तेव्हा विचारायचे असे, की गळती नेमक्या कोणत्या फांदीतून आहे हे आधी कसे ठरवतात, आणि ती सापडलीच नाही तर काय करतात? जुन्या क्षयामुळे काही वेगळी खबरदारी लागते का? व्हॉल्व्ह पुढे काढावे लागतात का? किती लागतील हे आधी कळत नसेल, तर खर्चाचा अंदाज रुग्णालयाकडून कोणत्या स्वरूपात मागावा?

प्रतिसाद:

मी ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) विभागात काम करतो. मामांना पाहिलेले नाही, त्यामुळे जे सर्वसाधारणपणे खरे आहे तेवढेच लिहितो.

फांदी शोधण्यासाठी दुर्बिणीतून लहान फुगा नेतात आणि आधी खंडाची, मग उपखंडांची नळी काही वेळ बंद करून बाटलीकडे लक्ष ठेवतात. ज्या ठिकाणी फुगा फुगवल्यावर बुडबुडे थांबतात किंवा स्पष्ट कमी होतात, ती जागा मोजून व्हॉल्व्ह बसवतात. यासाठी तपासणीच्या वेळी गळती दिसत असणे आवश्यक असते. फक्त खोकल्यावर बुडबुडे येणाऱ्या रुग्णात शोध कठीण होतो. शिवाय दोन खंडांना वेगळी करणारी नैसर्गिक भेग अपुरी असेल, तर शेजारच्या खंडातून हवा येतच राहते आणि एक फांदी बंद करून भागत नाही. फुग्याने काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह बसवण्यात अर्थ नसतो, म्हणून ‘फुग्याची चाचणी निष्फळ ठरली तर पुढे काय करणार?’ हे आधीच विचारा. एकतर्फी झडप जोडलेल्या नळीसह घरी जाऊन वाट पाहणे, हाही काही रुग्णांसाठी एक मार्ग असतो.

आपल्या मामेभावाची शंका योग्य आहे, पण दोन्ही उपचारांचे उद्दिष्ट वेगळे आहे. एम्फिसीमात अख्खा खंड मुद्दाम मिटवतात; तो मिटताना शेजारचा खंड झपाट्याने फुलतो आणि त्या ओढाताणीत फाटू शकतो. गळतीसाठी शक्य तितक्या कमी फांद्या बंद करतात, आणि छातीत नळी आधीपासूनच असते. धोका शून्य होत नाही. व्हॉल्व्ह सरकणे, खोकल्यासोबत बाहेर पडणे, बंद केलेल्या भागात न्यूमोनिया होणे आणि प्राणवायूची पातळी घसरणे, हे घडू शकते.

जुना क्षय असल्याने थुंकीची तपासणी आधी करून घ्यावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. व्हॉल्व्ह बहुधा सहा आठवड्यांच्या आसपास, गळती थांबल्याची खात्री करून, चिमट्याने काढतात. या दुसऱ्या ब्रॉन्कोस्कोपीचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात पुष्कळदा नसतो. तो आणि प्रत्येक व्हॉल्व्हची किंमत वेगवेगळी लिहून मागा. मेडिक्लेम असेल तर पूर्वमंजुरीही याच तपशिलासह घ्या.

मिरजेहून पुण्याला नेताना एक गोष्ट रुग्णवाहिकेतल्या माणसाला स्पष्ट सांगा: बुडबुडे येत असताना चिमटा लावून नळी बंद करायची नाही. हवा आत कोंडली तर वाटेतच जिवाला धोका होतो. बाटली उभी आणि छातीच्या पातळीखाली राहिली पाहिजे.

मूळ धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. थुंकीची तपासणी उद्याच सांगतो, आणि फुग्याच्या चाचणीचा प्रश्नही तज्ज्ञांपुढे मांडतो. व्हॉल्व्ह काढण्यासाठी पुन्हा नेलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांपैकी कोणी येथे असेल, तर मधल्या काळात खोकला आणि कफ यांचा त्रास कितपत झाला, हे कृपया लिहावे.