मदत हवी आहे: सकाळची शाळा अन् घरी आत्याबाई

ताईंनो, जरा सांगा. मी दारव्हा तालुक्यात झेडपी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, आता सकाळची शाळा लागली, साडेसहाला घर सोडावं लागते. त्यात मिस्टरांच्या आत्याबाई आठ दिवसांसाठी आल्या, त्याईले शुगर आहे, खाणं वेळेवर लागते. नळही पहाटेच येते, म्हणजे पाणी भरू का भाकरी थापू का त्याईच्यापाशी दोन मिनिटं बसू. माझ्या बाळंतपणात त्याईनं लय केलं हो, त्याईची आबाळ नको व्हायला. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी आंबील शिजवते, पण या गरमीत फारच आंबट होऊन रायली. तुम्ही किती वाजता भिजवता? अन् दुपारपर्यंत भाकर नरम कशी ठेवता?