म्हणे बर्लिनला फळा पुरला होता!

गच्चीवरचा कावळा
काल 'जुना बाजार' यांनी तारे तोडले : १९४८ साली रशियानं रस्ते अडवल्यावर विमानांनी माल पोचवून (एअरलिफ्ट) खडू-फळ्यावर अख्खं पश्चिम बर्लिन जगवलं, आणि आज अमेरिकन हवाई दलाला एक विमान हलवायचं तरी जीडीएसएस ही उड्डाणांच्या नियोजनाची संगणक प्रणाली उघडून बसावं लागतं, सगळी कंत्राटदारांची दुकानदारी. वर लोकांच्या टाळ्या! रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बाजारराव, फळा पुरला कारण काम एकसुरी होतं. शहर एक, माल मुख्यतः कोळसा, जायचे हवाई मार्ग दोन, परतीचा एक. तरी १३ ऑगस्ट १९४८ ला काय झालं? पाऊस, खाली आलेले ढग. बर्लिनच्या टेंपलहॉफ विमानतळावर एक सी-५४ मालवाहू विमान धावपट्टीच्या पुढे जाऊन पेटलं, मागच्याचे टायर फुटले, तिसरं बांधकाम चालू असलेल्या पट्टीवर उतरलं. वर विमानांची चळत घिरट्या घालतेय, आणि त्या चळतीत ही सगळी मोहीम चालवणारा खुद्द जनरल टनर अडकलेला. त्यानं वरची सगळी विमानं माघारी पाठवली. पुढे नियमच झाला : उतरणं चुकलं की दुसरी फेरी नाही, कोळशासकट परत. वैमानिकानं बर्लिनमध्ये विमान सोडून जायचं नाही. हवामान सांगणारा जीपनं येईल, खाण्याची गाडीसुद्धा विमानापाशी येईल. हे सॉफ्टवेअरच होतं हो, फक्त माणसांच्या अंगात भरलेलं.

आता अमेरिकेच्या इलिनॉयमधल्या स्कॉट हवाई तळावर बसून जगभरची विमानं हलवायची आहेत. कुठल्या देशाच्या आकाशातून जायची परवानगी आली, वैमानिकांचे ड्यूटीचे तास कधी संपतात, पुढच्या तळावर एका वेळी किती विमानं उभी राहतील, हवेत इंधन देणारा टँकर कुठे भेटेल. एक विमान सहा तास रखडलं की त्याच्यावर अवलंबून असलेली पुढची सगळी माळ ओघळते. करा फळ्यावर.

जुना बाजार
कावळेबुवा, झोप लागली नाही याबद्दल दिलगीर आहे. पण काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर लोकांना बाहेर काढताना या हुशार प्रणालीनं काय दिवे लावले? १६ ऑगस्ट २०२१ ला लोक सी-१७ या अमेरिकी मालवाहू विमानाच्या अंगाला लटकले, ते जगानं पाहिलं. आदल्या रात्री 'रीच ८७१' या नावाचं सी-१७ निघालं, त्यात माणसं किती? आधी सांगितलं ६४०. काही दिवसांनी कळलं, ८२३. मांडीवरची १८३ पोरं मोजलीच नव्हती! आणि लोक विमानाच्या मागच्या, अर्ध्या उघड्या रॅम्पवरून आत घुसल्यावर त्यांना उतरवायचं नाही, घेऊनच जायचं, हे ठरवलं कोणी? विमान चालवणाऱ्या माणसांनी. स्कॉट तळावरच्या संगणकाच्या पडद्यानं नाही.

भोसरीकर
मांडीवरच्या पोरांवरून आठवलं. आमच्या कारखान्यात तीन वर्षांपूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं. गेल्या दिवाळीत पुण्याहून चाकणला जायचा माल सिस्टीममध्ये 'रवाना'. गिऱ्हाइकाचा फोन, माल कुठंय? मी गेटवर गेलो तर टेम्पो तिथेच, ड्रायव्हर मागे झोपलेला. कारण डिस्पॅचवाल्यानं रात्री घरी जाताना बटण दाबून टाकलं होतं, सकाळी ओरडा नको म्हणून. साहेबांना दाखवलं तर म्हणतात, सिस्टीममध्ये गेलाय ना, मग गेलाय. मीच खोटा!

शब्दप्रेमी
'रवाना' छान शब्द, पण बाकी काय हे? रॅम्प, टँकर, ड्यूटी! 'पडदा' एवढाच काय तो मराठी. 'एअरलिफ्ट'ला 'हवाई वाहतूक' म्हणायला काय जातं?

गच्चीवरचा कावळा
शब्दप्रेमी, हवाई वाहतूक म्हणजे आपण मुंबई-नागपूर जातो तीही. चुलीत घाला तो वाद.
बाजारराव, त्याच काबूलमधून १७ दिवसांत १ लाख २४ हजारांच्या आसपास माणसं बाहेर निघाली. ती फळ्यावर निघाली का? आणि १९९१ च्या आखाती युद्धातलं डार्ट, म्हणजे माल-माणसं हलवायचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर, विसरलात. आठवड्यांचं नियोजन तासांवर आलं. डार्पानं, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेनं, स्वतः सांगितलं, एआयवरचा ३० वर्षांचा खर्च या एकातच वसूल झाला.

जुना बाजार
सांगितलं कोणी? ज्यानं खर्च केला त्यानंच! आमच्या सोसायटीचे चेअरमनही लिफ्टबद्दल हेच सांगतात.
आणि १७ दिवसांतला २० ऑगस्ट सोयीनं गाळलात. काबूलहून माणसं जिथे उतरवत होते तो कतारचा तळ भरून वाहिला, म्हणून काबूलची उड्डाणं कित्येक तास थांबली. पंखांना तोटा नव्हता, माणसं उतरवायला जागा नव्हती. हे आधी का नाही दिसलं तुमच्या पडद्यावर?

पुरणपोळी
ती १८३ मुलं मात्र डोक्यातून जात नाहीत. आमच्या गावी जाणाऱ्या एका खाजगी बसमध्ये मांडीवरच्या पोराचंही पूर्ण तिकीट मागतात, मग सीट द्या म्हटलं तर 'पाच वर्षांखालचं आहे ना ताई'. पैसे मागताना माणूस, जागा देताना सामान.

भोसरीकर
आमच्या बसमध्ये तर चक्क अर्ध्या तिकिटाला अर्धी सीट. बाजूला एक कोंबड्यांची पाटी.

पुरणपोळी
कोंबड्यांचं तिकीट होतं का?

भोसरीकर
पूर्ण.

निवृत्त माणूस
मी वाचून सोडून देणार होतो. हवाई दलात २२ वर्षं माल चढवण्याउतरवण्यात गेली. उत्तरेच्या एका तळावर पहाटे एएन-३२ हे मालवाहू विमान भरायचं. लेहला दुपारी वारा सुटतो, म्हणून सगळी घाई सकाळची. कागदावर जवानाचं वजन ठरलेलं. थंडीचा पोशाख, बूट, पाठीवरचं ओझं, घरून आणलेला लाडवांचा डबा, हे सगळं त्या आकड्यात बसायचं म्हणे. एका हिवाळ्यात मी भंगारातून धान्याचा काटा आणला आणि पहिल्या दहा जणांना ओझ्यासकट त्यावर उभं केलं. बेरीज पाहून आमच्या साहेबांनी आधी मला झापलं, मग दोन पेट्या उतरवल्या. त्या दिवशी कागद खोटं बोलत नव्हता. कागदाला कोणी विचारलंच नव्हतं की जॅकेट घातलंय का.

कावळेबुवा, पडदा हवाच. आमच्या वेळी एक फोन लागायला तास लागायचा, आणि तोवर पुढच्या तळावर बर्फ पडून गेलेला असायचा. बाजार, तुम्हीही ऐका : ८२३ जणांना घेऊन निघणं धाडस होतं, पण ते लोक उतरल्यावर पुढे कुठे जाणार, हे त्या विमानातून कोण ठरवणार होतं?

आणि २०२३ चं सुदान घ्या, तिथल्या लढाईत आपली माणसं अडकली होती. आपल्या हवाई दलाच्या सी-१३०जे विमानानं वादी सईदना या तिथल्या धावपट्टीवर रात्री, दिवे नसलेल्या खराब पट्टीवर उतरून १२१ माणसं आणली. वैमानिकांनी रात्री दिसणारे चष्मे लावून पट्टी शोधली.

गच्चीवरचा कावळा
काका, म्हणजे तुम्ही माझ्या बाजूनं आहात.

जुना बाजार
छे! काट्याची गोष्ट माझ्या बाजूची आहे. माणसानं काटा आणला, प्रणालीनं नाही. बरं, पडदा असू दे. काका म्हणतात म्हणून. कावळ्याच्या लेखामुळे नाही, हे नोंदवून ठेवा.

भोसरीकर
नोंदवलं. पण सिस्टीममध्ये आलं तरच खरं.

निवृत्त माणूस
तो काटा माझ्याकडे अजून आहे. दीड किलो जास्त दाखवतो. तेव्हाही दाखवायचा का, ते आता कोण सांगणार.

जुना बाजार
काका!!

पुरणपोळी
म्हणजे दहा जणांचे पंधरा किलो? मग त्या दोन पेट्या?

निवृत्त माणूस
त्यात बटाटे होते. पुढच्या फेरीला गेले.